गाडी उभी असताना

अप्पांनी आयुष्यभर दुसऱ्यांचे हिशेब तपासले. सहकार खात्यात ते लेखापरीक्षक होते. बोरिवलीच्या गृहनिर्माण संस्था, मुलुंडच्या पतपेढ्या, घाटकोपरची ग्राहक भांडारं असा त्यांचा फेरा असायचा. अप्पा येणार म्हटलं की चिटणीस आदल्या रात्रीच पावत्यांची फाईल लावून ठेवायचे, कारण या माणसाचा नियम उपनगरभर माहीत होता: व्हाउचर नाही तर खर्च नाही. ‘अहो, सगळ्यांसमक्ष दिलेत पैसे’ असं कुणी म्हणालं तरी ते आवाज न चढवता म्हणायचे, “दिले असतील. कागद दाखवा.”

या नियमामुळे बरीच माणसं त्यांच्यावर रागावली. पण याच नियमाने एका पतपेढीतल्या कारकुनाची नोकरी वाचली होती. रक्कम जुळत नव्हती, सगळी समिती त्या कारकुनाकडे बोट दाखवत होती, आणि अप्पा चार दिवस दप्तर चाळत बसले. शेवटी एकच नोंद दोन खात्यांवर पडलेली निघाली. तेव्हा ते समितीला म्हणाले होते, “आकडा जुळत नाही याचा अर्थ कुणी पैसे खाल्ले असा नसतो. ते कुठे गेले हे अजून आपल्याला सापडलेलं नाही, एवढाच असतो.” अप्पांच्या पत्नी माई ही गोष्ट अभिमानाने सांगायच्या. आमच्या सोसायटीत ती सगळ्यांना पाठ आहे.

वांद्रे पूर्वेला गांधीनगरच्या आतल्या बाजूला आमची जुनी तीन मजली इमारत आहे. भोवतीच्या बऱ्याच इमारती पाडून तिथे टॉवर उभे राहिले, आमची अजून तशीच आहे. तिच्या आवारात अप्पांची मारुती ८०० उभी असते. १९९८ची, पांढरी, एमएच ०२ची. तिचं इंजिन ७९६ सीसीचं, कार्बुरेटरचं. नंतरच्या गाड्यांत आला तसला संगणक तिच्यात नाही. या गाडीने देशातल्या मध्यमवर्गाला काय दिलं हे आज तिशीत असलेल्यांना सांगावं लागतं. १९८३च्या डिसेंबरात पहिली मारुती रस्त्यावर आली आणि २०१४ साली शेवटची बनली. मधल्या तीस वर्षांत किती घरांनी पहिलं पेढ्याचं खोकं नोकरी लागल्यावर आणि दुसरं मारुती आल्यावर वाटलं असेल! अप्पांच्या गाडीने २६ जुलै २००५ सुद्धा पाहिला. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, मिठी नदी फुगली, कलानगरच्या बाजूला माणसं छातीभर पाण्यातून चालली, त्या रात्री आमच्या आवारात ही गाडी सीटपर्यंत बुडाली होती. अप्पांनी ती सोडवली, उघडून वाळवली, पुन्हा चालू केली. पंधरा वर्षांची मुदत संपल्यावर आरटीओत जाऊन नोंदणी वाढवून आणली. विकायचा विषय त्यांच्या घरात कधी निघालाच नाही.

अप्पा निवृत्त झाले आणि गाडीचं दुखणं सुरू झालं.

आधी दोन दिवस उभी राहिलेली गाडी सकाळी सेल्फला कुरकुरायला लागली. मग एके दिवशी नुसती टक-टक. शेजाऱ्यांनी धक्का मारला, गाडी सुरू झाली. जुनी बॅटरी आहे, असं म्हणून अप्पांनी नवी बसवली. दोन महिने बरे गेले. नंतर मंगळवारी उभी केलेली गाडी शुक्रवारी मेलेली. नवी बॅटरी दुकानात नेली, दुकानदाराने रात्रभर चार्जिंगला लावून तपासली आणि परत दिली: बॅटरीत काही दोष नाही. असं पुन्हा झालं, आणखी एकदा झालं. प्रत्येक वेळी पुरी उतरलेली बॅटरी पुन्हा भरली तरी पहिल्याइतकी भरत नाही. आतल्या शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचा थर घट्ट बसतो आणि तो सगळा निघत नाही. वर्ष व्हायच्या आत तीही गेली. अप्पांनी तिसरी बॅटरी आणली. निवृत्तिवेतनात हा खर्च बोचणारा होता, पण त्यांना पैशापेक्षा दुसरंच सलत होतं. भरलेली वस्तू रिकामी होते आणि खर्च कुठेच दिसत नाही.

आवारातल्या सात गाड्या तेव्हा एक मुलगा धुवायचा. संगमेश्वरकडचा, अठराएक वर्षांचा. खेरवाडीत मामाकडे राहायचा आणि संध्याकाळी रात्रशाळेत बारावीला जायचा. पहाटे पाचला बादली आणि फडकं घेऊन हजर. आतून पुसायला म्हणून अप्पांच्या गाडीची एक किल्ली त्याच्याकडे असायची. दुसऱ्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी कधीतरी पहाटे त्याला अप्पांच्या गाडीत बसून रेडिओ ऐकताना पाहिलं होतं. बॅटरीची चर्चा निघाल्यावर त्यांना ते आठवलं.

अप्पांनी मुलाला विचारलं. तो म्हणाला, “लावला होता काका, एकदा. अस्मिता वाहिनीवर चांगलं गाणं लागलं होतं. संपेपर्यंत ऐकलं.”

त्याने एकदाचं कबूल केलं आणि ऐकणाऱ्यांनी रोजचं धरलं. खोटं बोलला असता, मी गाडीत बसलोच नाही म्हणाला असता, तर कदाचित सुटलाही असता. अप्पांनी किल्ली मागून घेतली आणि उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितलं. ते ओरडले नाहीत. मला वाटतं, ओरडले असते तर त्या मुलाला काही बोलता तरी आलं असतं. त्या आठवड्यात बाकीच्या सहा गाड्यांच्या मालकांनीही त्याला एकेक करून नको म्हटलं. कुणी कारण दिलं नाही. कारण सगळ्यांना माहीत होतं.

गाडी तिसऱ्या दिवशी पुन्हा बंद पडली.

त्यावर अप्पा जे म्हणाले ते मी स्वतः ऐकलं. ते म्हणाले, “किल्लीची दुसरी प्रत काढून घेतली असणार त्याने.” हे वाक्य ज्या माणसाच्या तोंडून आलं त्याला मी तीस वर्षं ओळखतो. संशयाला पुरावा लागत नाही असं म्हणतात, पण संशय तेवढ्यावर थांबत नाही. मुलगा येत होता तेव्हा बॅटरी उतरली, म्हणून तो दोषी. येईनासा झाला तरी उतरली, म्हणून तो आणखी दोषी.

माईंनी त्या रात्री त्यांच्यापुढे ताट ठेवलं आणि समोर बसल्या. “एक विचारू?” म्हणाल्या. “चाळीस वर्षं कुणाचा चहाचा खर्च व्हाउचरशिवाय मान्य केला नाहीत. या पोराच्या नावावर तीन बॅटऱ्या टाकल्यात. कागद कुठाय?”

अप्पा जेवता जेवता थांबले. उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते चालत खेरवाडीच्या नाक्यावर गेले आणि वायरिंगवाल्या चाचांना घेऊन आले.

चाचा मूळचे रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान. गाड्यांच्या वायरिंगचं काम करत त्यांचं वय सत्तरीला टेकलेलं. बोलणं मराठीच, फक्त गाडीशी बोलताना हिंदीत बोलतात. अप्पांनी सगळी हकीकत सांगितली आणि शेवटी, “मला वाटतं, २६ जुलैला वायरिंगमध्ये पाणी गेलं होतं ना, त्याचा गाळ असेल कुठेतरी,” असं जोडलं. मुलाचं नाव त्यांनी काढलं नाही. चाचा म्हणाले, “असेल साहेब. नसेल पण. आधी बघू किती जातंय. कोण खातंय ते नंतर.”

पुढचा दीड तास मी तिथेच उभा होतो. काही माणसांचं काम बघत राहावं असं असतं, म्हणून तो सविस्तर सांगतो.

चाचांनी आधी बॅटरी भरून घेतली होती, तिचा दाब मोजला: १२.६ व्होल्ट. भरलेली बॅटरी एवढंच दाखवते. १२.२ला ती अर्धी उतरलेली असते आणि बाराच्या खाली गेली की तिच्यात फारसं काही उरत नाही. मग त्यांनी ड्रायव्हरच्या बाजूची काच खाली घेतली, दारं लावली, सगळी बटणं बंद आहेत हे पाहिलं आणि बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल सोडवलं. केबल मोकळी झाल्यावर ते क्षणभर कान देऊन थांबले, स्वतःशीच ‘हं’ म्हणाले. का थांबले ते आम्हाला तेव्हा कळलं नाही. मल्टिमीटरची लाल पिन त्यांनी दहा ॲम्पिअरच्या भोकात घातली, मीटरचं एक टोक बॅटरीच्या खांबाला आणि दुसरं सुटलेल्या केबलला लावलं. गाडीत जाणारा सगळा प्रवाह आता मीटरमधून जाणार होता. “आता कुणी किल्ली फिरवायची नाही,” त्यांनी दम दिला. “सेल्फ शंभराच्या आसपास ॲम्पिअर ओढतो. माझा मीटर जाईल.”

आकडा आला ०.३८.

“या गाडीला किती चालतो?” अप्पांनी विचारलं. चाचा म्हणाले, संगणकाच्या नव्या गाड्यांत सगळं झोपी जायला अर्धा तास थांबावं लागतं, त्यानंतरही ०.०५पर्यंत जातं. तुमच्या गाडीत रेडिओच्या आठवणीपुरता काय तो करंट, ०.०१ फार झाला.

अप्पांनी खिशातून पेन काढलं. ०.३८ गुणिले २४. दिवसाला नऊ ॲम्पिअर-तासांहून जास्त. बॅटरी ३५ची. तिसऱ्या दिवशी पाऊण रिकामी. हा हिशेब त्यांनी जुन्या बिलाच्या पाठीवर मांडला आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले.

“आणि रेडिओ?” त्यांनी विचारलं. आवाज जरा वेगळा होता. “गाडी बंद असताना कुणी दहा मिनिटं रेडिओ लावला, तर?”

“हा टेप एक ॲम्पिअर पण घेत नाही. दहा मिनिटांचं काय होणार साहेब? पस्तीसातले काही पैसे.” चाचांना यामागचं काही माहीत नव्हतं. ते फ्यूज बॉक्सकडे वळले.

ड्रायव्हरच्या पायाशी डॅशबोर्डखाली फ्यूज असतात. दार उघडलं की छतावरचा दिवा लागतो आणि तोही मोजला जातो, म्हणून त्यांनी दाराच्या चौकटीतलं बटण चिकटपट्टीने दाबून ठेवलं. मग एकेक फ्यूज काढायचा, मला मीटर वाचायला सांगायचं, फ्यूज परत बसवायचा. हॉर्न: तोच. वायपर: तोच. हेडलाइट: तोच. रेडिओचा फ्यूज काढला तेव्हा शेवटचा आकडा एकाने हलला, ०.३७. अप्पांनी तो लिहून घेतला. शेवटी चाचांनी सगळेच फ्यूज काढून पायपुसण्यावर ओळीने मांडले. मीटर ०.३७वर ठाम. ज्याने कुणी करंट खाल्ला होता तो या रांगेत नव्हता.

“अल्टरनेटर बघू.” गाडी चालू असताना बॅटरी भरणारं हे यंत्र. त्याच्यातला डायोड गेला तर गाडी बंद असताना बॅटरीतला करंट उलटा त्याच्यातून वाहून जातो आणि फ्यूज काढून ते कळत नाही. चाचांनी मीटर सोडवला, अल्टरनेटरची जाड वायर नट खोलून बाजूला केली, टोकाला रबर गुंडाळलं, मीटर परत लावला. ०.३७. अल्टरनेटर निर्दोष.

“म्हणजे मी म्हणतो तेच,” अप्पा म्हणाले, “२६ जुलै.”

“गाळ असता तर एवढी वर्षं थांबला नसता, साहेब. आणि आकडा असा एका जागी राहिला नसता.” चाचांनी हात फडक्याला पुसले. इंजिन रात्रभर थंड होतं. त्यांनी बॉनेटखाली उघडा तळवा फिरवायला सुरुवात केली, एकेका वस्तूला टेकवत. कॉइल गार, रिले गार, हॉर्न गार. डाव्या हेडलाइटच्या मागे, पत्र्याच्या आतल्या अंगाला एक काळा गोल डबा होता, वर वर्षानुवर्षांची धूळ आणि तेल. त्यावर हात ठेवून ते थांबले. “साहेब, हात द्या इकडे.”

अप्पांनी हात ठेवला. डबा कोमट होता.

“काय बसवलंय हे?”

अप्पांना आठवायला वेळ लागला नाही. गाडी नवी असताना आवारातल्या दुसऱ्या एका गाडीचा टेप चोरीला गेला होता. तेव्हा मुंबईत अशा चोऱ्या नेहमीच्या होत्या. अप्पांनी त्याच आठवड्यात चोराला घाबरवणारा अलार्म बसवून घेतला. कुणी गाडीला हात लावला की सायरन वाजायचा. मांजर बॉनेटवर बसलं तरी वाजायचा, त्यावरून सोसायटीत कुरबुरीही झाल्या. पुढे रिमोट हरवला, अलार्म बटणाने कायमचा गप्प केला, आणि सगळे तो विसरले.

चाचांनी सायरनच्या लाल वायरचा माग काढला. बसवणाऱ्याने ती फ्यूज बॉक्सच्याही आधी, बॅटरीकडून येणाऱ्या जाड वायरीला सोलून जोडली होती. म्हणून एकही फ्यूज तिला पकडू शकत नव्हता. चाचांनी ती कापली.

मीटरवर ०.००.

मग त्यांनी समजावून सांगितलं. अशा सायरनच्या पोटात स्वतःचे छोटे सेल असतात. चोराने गाडीची बॅटरी तोडली तरी सायरन वाजत राहावा म्हणून. ते सेल मोठ्या बॅटरीवर सतत भरत राहतात. जुने होऊन मेले की भरतच नाहीत, आणि भरत नाहीत म्हणून मागतच राहतात, रात्रंदिवस. “मी केबल सोडली तेव्हा हा ओरडायला पाहिजे होता. ओरडला नाही. तेव्हाच शंका आली होती, पण शंकेवर वायर कापायची नसते. म्हणून सगळं एकेक बघत आलो.”

“मग आधी इतकी वर्षं का नाही कळलं?” मी विचारलं. उत्तर अप्पांनीच दिलं, हळू आवाजात. रोज बोरिवली, मुलुंड, घाटकोपर. रोज जमा होत होतं, म्हणून रोजचा खर्च दिसला नाही. जमा थांबली तेव्हा दिसला.

चाचांनी तीनशे रुपये घेतले, सायरन कागदात गुंडाळून अप्पांच्या हातात दिला आणि गेले.

आता जे सांगतो त्यासाठीच खरं तर हे लिहायला घेतलं. सहकारी संस्थेच्या तपासणीत दोष निघाले की संस्थेला कलम ८२ प्रमाणे दोष दुरुस्ती अहवाल द्यावा लागतो. नुसतं ‘चूक झाली’ लिहून भागत नाही. कोणता दोष, तो कसा दुरुस्त केला, हे मुद्द्यानुसार लिहावं लागतं. अप्पांनी असे शेकडो अहवाल मागितले, वाचले, अपुरे म्हणून परत पाठवले. त्या दुपारी त्यांनी स्वतः एक लिहिला. गाडीत काय बिघाड होता, किती प्रवाह जात होता, तो कुठे सापडला, आणि गाडी धुणाऱ्या मुलाचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. त्याच्यावर मी आळ घेतला तो कोणत्याही पुराव्याशिवाय घेतला. खाली सही, तारीख. सोसायटीच्या फळ्यावर तो कागद महिनाभर होता. फळा सगळे वाचत नाहीत हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, म्हणून संध्याकाळी ते सहाही गाडीमालकांच्या घरी गेले. दुसऱ्या मजल्यावर सर्वांत जास्त वेळ बसले. दोघांत काय बोलणं झालं ते मला माहीत नाही.

मुलगा सापडायला आठवडा गेला. वांद्रे स्टेशनच्या पूर्वेला पहाटे वर्तमानपत्रांचे गठ्ठे फुटतात, पुरवण्या घातल्या जातात, तिथे तो कामाला लागला होता. पगार कमी, पण रात्रशाळा चालू होती. अप्पा पहाटे पाचला तिथे गेले. बरोबर मीही होतो, त्यांनीच बोलावलं होतं. साक्षीदार हवा, म्हणाले. चाललेल्या कामाच्या मध्येच, बाकीच्या पोरांच्या देखत, त्यांनी फळ्यावरचा कागद वाचून दाखवला. पूर्ण. मग बुडालेल्या पगाराचं पाकीट पुढे केलं, सातही गाड्यांचं.

मुलाने पाकीट लगेच घेतलं नाही. आधी कागद मागून घेतला, स्वतः एकदा वाचला, घडी करून खिशात ठेवला. मग पाकीट घेऊन मोजलं. अप्पांना ते मोजणं आवडलं असावं, त्यांनी मान हलवली.

“परत येशील?” अप्पांनी विचारलं. “किल्ली आणलीय.”

“येईन काका,” तो म्हणाला. “पण किल्ली नको. बाहेरून धुवीन. आतून तुमची तुम्ही पुसा.”

अप्पा समजावू लागले. आता तसं काही होणार नाही, सगळ्यांना सांगितलंय, फळ्यावर लावलंय. तो ऐकून घेत होता आणि हात पुरवण्या घालतच होते. त्यांचं बोलून झाल्यावर त्याने तेच वाक्य पुन्हा म्हटलं, आवाज न चढवता, आणि वर एक जोडलं: दर गाडीला महिना शंभर रुपये वाढवून हवेत, बाकीच्यांनाही विचारा. अप्पांनी तिथेच होकार दिला. बाकीच्या सहा जणांपैकी पाचांनी दिला. पुढच्या सोमवारपासून तो सहा गाड्या धुवायला लागला. अप्पांच्या गाडीच्या आतल्या काचा आणि सीट त्या दिवसापासून अप्पाच पुसतात.